टेप मॉनिटर

दिवा लागतो.
डायलवर तोच हिरवट उजेड, शेवाळलेल्या हौदाच्या तळाचा.
काटा स्टेशनांवरून सरकतो
आणि एका जागी उसळून उभा राहतो,
म्हणजे आत कुणीतरी बोलतंय.
खोलीत काही नाही.

युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स लॅबमध्ये
एकतीस वर्षं मल्टिमीटर वाटले मी,
सही घेऊन दिले, मोजून परत घेतले,
पोरांनी उडवलेले फ्यूज बदलले.
घरचं एक यंत्र कधी उघडलं नाही.
निवृत्तीच्या दिवशी यादीतून बाद झालेला एक मीटर मागून आणला,
तो आज जेवणाच्या टेबलावर, रविवारच्या पेपरवर,
लाल-काळ्या वायरी पसरून.

आठ स्क्रू. लाकडी खोकं उचललं.
आत धूळ, एक वाळलेलं झुरळ
आणि तपकिरीचा वास.
आप्पा शिंकायचे ते इथे वाकून, हे तोवर लक्षात नव्हतं.

फ्यूज ठीक. असणारच, दिवा लागतोय, पण हाताची सवय.
चालू केल्यावर चार सेकंदांनी रिले टक म्हणतो.
आउटपुटला शून्य पूर्णांक शून्य दोन व्होल्ट.
इतकं निरोगी या घरात माणूससुद्धा कुणी नव्हतं.
स्पीकरच्या तारा हिरव्या पडलेल्या, कापून नव्याने सोलल्या,
पेन्सिल सेल टेकवला,
तर दोन्ही स्पीकर खर्र करून उठले
झोपमोड झालेल्या पाहुण्यांसारखे.
आवाजाच्या खुंटीत स्प्रे मारला, मनगट दुखेपर्यंत फिरवली.
काही नाही.

लहरीपुऱ्यात ठाकोरभाई पंचाल अजून दुकानात बसतात.
नजर गेली, त्यामुळे फोनवरच दुरुस्त्या सांगतात.
सिलेक्टर? फिरवला.
हेडफोनमध्ये? त्यातही नाही.
मग बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
"शैलजाबेन, एक बटन जुओ. टेप मॉनिटर.
अंदर छे के बहार?"

आत.

चारांतलं दुसरं, बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर खोल.
आत म्हणजे: रेडिओचं थेट ऐकवू नको,
आधी सगळं डेककडे पाठव,
तो परत देईल तेवढंच खोलीत सोड.

डेक शहाण्णव साली नाशिकला गेला.
वाटणीत उमादादा म्हणाला, रेकॉर्ड करणारं मला, वाजणारं तुला,
आणि हिशेब सगळ्यांना बरोबर वाटला.
महिन्याभराने मी हे लावलं, तर मुकं.
मनात म्हटलं, दादानेच जाताना काहीतरी केलं.
तोंडाने कुणालाच म्हटलं नाही.
वर क्रोशाचा रुमाल टाकला, त्यावर टीव्ही.
राखी पोस्टाने जायला लागली ती त्याच वर्षापासून.

आणि हे बिचारं, जेव्हा जेव्हा लावलं तेव्हा,
पकडलेलं सगळं मागच्या दोन भोकांतून बाहेर देत होतं.
भोकांत कुणाची वायर नव्हती.

बटन दाबलं. अडखळत वर आलं.

"...पादरा यार्ड, दिवेला, अगियारसो एंशी..."

खुंटी मी पूर्ण उघडी ठेवली होती.
तावदान थरथरलं, खाली पारेखांचा कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकला,
एरंडाच्या बियांचा भाव डांडिया बाजारभर गेला असेल.
मी खुर्चीत बसले ती बसलेच.
टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनमधून
ठाकोरभाई विचारत होते, आव्यो? अवाज आव्यो?

नाशिकचा कोड अजून पाठ आहे.
पण दादाला एकदम काय सांगायचं,
दिवेला अकराशे ऐंशी?

आवाज फक्त डावीकडून येतोय.
तारा अदलाबदल करून पाहिल्या,
म्हणजे दोष स्पीकरचा नाही, आतच कुठेतरी.
ते उद्या.
आठही स्क्रू वाटीत ठेवलेत,
झाकण लावलेलं नाही.